शेड्यूल वनवरची नावं

आमचं मंडळ १९७४ साली नोंदवलेलं. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून गिरण्यांत कामाला आलेल्या माणसांनी लालबागच्या एका चाळीत पागडीने खोली घेतली, वर्गणी काढली आणि संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली मंडळाची नोंदणी केली. पाळीची माणसं तिथे झोपायची. गावाहून केईएमला दाखवायला आलेला माणूस तिथेच उतरायचा. गिरण्यांच्या संपानंतर खोली रिकामी पडत गेली आणि नव्वदीच्या दशकात तिची अभ्यासिका झाली. मी दहावीचा अभ्यास त्याच खोलीत केला. आज मी मंडळाची खजिनदार आहे. माझ्या वडिलांच्या काळात सभासदांच्या यादीत एकाही बाईचं नाव नव्हतं.

२०२२ मध्ये अभ्यासिकेतून शिकून गेलेल्या आणि आता एका कंपनीत चांगल्या पदावर असलेल्या मुलाने विचारलं की कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी खर्च करायच्या पैशातून, संगणक आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं दिली तर चालतील का. आम्ही हो म्हटलं. मग त्याने कागदांची यादी पाठवली: पॅन, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला आयकरात सूट देणारी नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी मंजुरी), तीन वर्षांची ऑडिट केलेली हिशेबपत्रकं आणि सीएसआर-१ चा क्रमांक. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खालचा पैसा बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा असेल, तर १ एप्रिल २०२१ पासून त्या संस्थेची सीएसआर-१ भरून कंपनी व्यवहार मंत्रालयात नोंद असावी लागते. १२ए आणि ८०जी हाताशी असल्याशिवाय आमच्यासारख्या संस्थेला तो फॉर्म भरता येत नाही. आमच्याकडे होतं ते भिंतीवर फ्रेम करून लावलेलं नोंदणी प्रमाणपत्र, क्रमांकाच्या शेवटी ‘जीबीबीएसडी’ ही अक्षरं असलेलं. बृहन्मुंबईतल्या बहुतेक जुन्या मंडळांच्या प्रमाणपत्रांवर ती दिसतील.

आम्ही सगळे समजत होतो की ८०जी म्हणजे आयकर खात्याचं काम. ओळखीच्या सीए बाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी सुरुवातीला आयकराचं नावही काढलं नाही. पहिलाच प्रश्न: “तुमचा शेड्यूल वनचा अलीकडचा उतारा आहे का?” नव्हता. “मग आधी वरळीला जा. तिथलं नीट झालं की आयकराचं अर्धं झालं समजा.”

वरळीला म्हणजे डॉ. अॅनी बेझंट रोडवरच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात. महाराष्ट्रात आमच्यासारख्या मंडळाची नोंदणी दुहेरी असते आणि अनेक मंडळांच्या कार्यकर्त्यांना हे आजही ठाऊक नसतं. १८६० च्या कायद्याखाली ती संस्था असते. उद्देश धर्मादाय असला की तीच संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली सार्वजनिक न्यासही ठरते. पूर्वी याच कायद्याला मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम म्हणत. न्यास म्हणून वेगळा क्रमांक मिळतो, संस्थांसाठी तो ‘एफ’ने सुरू होतो. आपण ज्यांना कार्यकारिणीचे सदस्य म्हणतो ते या कायद्याच्या नजरेत विश्वस्त. न्यासाची जी नोंदवही तिथे ठेवली जाते ती शेड्यूल वन, म्हणजे परिशिष्ट एक. संस्थेचं नाव, पत्ता, विश्वस्त, मालमत्ता असं सगळं त्यात लिहिलेलं. सरकारदरबारी मंडळ म्हणजे तो कागद.

आम्ही उतारा काढला. त्यावर १९७९ सालची कार्यकारिणी होती. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार, हिशेब तपासनीस, सदस्य. ज्यांच्या मांडीवर आमच्यातले काही जण खेळले ती माणसं. एक सोडून सगळे गेलेले. कायद्याच्या दृष्टीने मात्र मंडळ अजून तेच चालवत होते, आणि गेली कितीतरी वर्षं सह्या करणारे आम्ही कुणीच नव्हतो.

विश्वस्तांमध्ये किंवा नोंदवहीतल्या कोणत्याही तपशिलात बदल झाला की कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत तो कळवावा लागतो. यालाच सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. निवडणूक झाली, चेंज रिपोर्ट. कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, चेंज रिपोर्ट. पत्ता बदलला, खोली घेतली, तरी चेंज रिपोर्ट. आमच्या मंडळाचा शेवटचा १९७९ चा.

यात जुन्या माणसांना दोष द्यावा असं मला कधीच वाटलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि जवळपास अडीच लाख गिरणी कामगारांचं आयुष्य विस्कटलं. मंडळाचे तेव्हाचे सरचिटणीस गावी जाऊन शेती करायला लागले. खजिनदारांनी भाजीची गाडी लावली. ज्या घरात दोन वेळची चूल कशी पेटवायची हा प्रश्न होता, तिथे नव्वद दिवसांचा हिशेब कोण ठेवणार? तरी या माणसांनी एक गोष्ट सोडली नाही, आणि तिच्यामुळेच आम्ही तरलो. त्यांनी सभा घेतल्या आणि लिहून ठेवल्या.

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सगळी प्रोसिडिंग बुकं मिळाली. घटनेप्रमाणे दर तीन वर्षांनी निवडणूक. ती दर तीन वर्षांनी झालेली होती, संपाच्या काळातसुद्धा. कधी सभा गणपूर्तीअभावी तहकूब, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू, तशी नोंद. १९८३ च्या सभेत ठराव आहे की संपामुळे सभासदांकडून वर्गणीचा तगादा करू नये आणि थकबाकीमुळे कुणाचं सभासदत्व रद्द करू नये. खाली सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. नावापुढे काहींच्या सह्या, काहींचे अंगठे. ती पानं वाचताना मी किती तरी वेळ थांबत होते. वकिलांनी तीच पानं वाचली आणि म्हणाले, “पुरावा भक्कम आहे. आता साखळी लावू.”

साखळी लावायची म्हणजे १९८२ च्या निवडणुकीपासून प्रत्येक कार्यकारिणीचा वेगळा चेंज रिपोर्ट करायचा. थेट आजची नावं चढवता येत नाहीत. आजच्या समितीला निवडून देणारी सभा कुणी बोलावली? आधीच्या समितीने. तिला अधिकार कुठून आला? तिच्या आधीच्या निवडणुकीतून. मधली एक कडी सुटली तर पुढच्या सगळ्यांचा अधिकारच प्रश्नात येतो. प्रत्येक रिपोर्टला सभेची सूचना, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, त्या वेळची सभासद यादी, हजेरी, ठरावाची नक्कल, नव्या सदस्यांची संमतीपत्रं, गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले, आणि वर प्रतिज्ञापत्र. शिवाय नव्वद दिवस कधीच उलटून गेले होते, म्हणून प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज. पुरेसं कारण दाखवलं तर मुदत वाढवून देण्याची सोय कायद्यात आहे. त्यासाठी ठरवून दिलेली रक्कम सार्वजनिक न्यास प्रशासन निधीत भरावी लागते.

सगळ्यात जास्त काळ मृत्यूच्या दाखल्यांना लागला. मुंबईत वारलेल्यांचे दाखले महापालिकेच्या वॉर्डातून मिळाले. गावी वारलेल्यांचे ग्रामपंचायतीतून, आणि तिथे नोंद कधी पाळण्यातल्या नावाने, कधी आडनावाऐवजी भावकीच्या नावाने. दोघांची नोंद सापडलीच नाही, त्यांच्या मुलांनी प्रतिज्ञापत्रं करून दिली. या निमित्ताने ज्या घरांशी मंडळाचा संबंध तुटला होता, त्यांच्या ओट्यावर आम्ही पुन्हा बसलो. एका घरात सून म्हणाली, “मामंजींचं नाव मुंबईत अजून कागदावर आहे हे त्यांना कळलं असतं तर बरं वाटलं असतं.”

आणि हयात असलेले एकमेव विश्वस्त, आमचे अण्णा. ऐंशी कधीच ओलांडलेली, मोरणेच्या खोऱ्यात धाकट्या मुलाकडे राहतात. चेंज रिपोर्ट द्यायला नोंदवहीवरचा माणूस असणं फार सोयीचं. अण्णा नसते तर नवे विश्वस्त नेमण्यासाठी किंवा न्यास कसा चालवायचा याची योजना ठरवून घेण्यासाठी वेगळे, आणखी लांबचे अर्ज करावे लागले असते. आम्ही त्यांना उतारा वाचून दाखवला. एकेका नावाला ते मान हलवत होते. “आमची नावं अजून तशीच हायेत व्हय?” म्हणाले, आणि मग विचारलं, “सही कुठं करायची ते दाखव, पोरी. पण आधी वाचून दाखव सगळं. न वाचता म्या कधी सही केली न्हाई, मिलमधीबी न्हाई.” पाटणला नोटरीसमोर त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं.

वरळीला सहायक धर्मादाय आयुक्तांपुढे तारखा पडल्या. पुकारा झाला की उभं राहायचं, वकील बोलायचे, नोटिसा निघायच्या, हरकत घेणारं कुणी आहे का ते पाहिलं जायचं. आमच्यात भांडण नव्हतं म्हणून प्रकरणं बिनविरोध गेली. ज्या मंडळांत दोन गट असतात त्यांच्या फायली किती जाड होतात हे बाहेरच्या बाकांवर बसून दिसत होतं. जुन्यापासून क्रमाने एकेक आदेश झाला आणि प्रत्येकाची नोंद शेड्यूल वनवर चढली. आमची नावं असलेला उतारा हातात आला तेव्हा २०२४ उजाडलं होतं.

आता वाटलं की आयकराकडे जाता येईल. सीए बाईंनी मंडळाची घटना मागितली, वाचली आणि बोट ठेवलं ते उद्देशांवर. “सभासदांच्या व त्यांच्या पाल्यांच्या शैक्षणिक व सामाजिक उन्नतीसाठी मदत करणे.” १९७४ साली लिहिलेलं वाक्य. त्या माणसांनी स्वतःच्या पोटाला चिमटा काढून स्वतःच्या माणसांसाठी हे उभं केलं होतं, वाक्य त्या काळाला धरून होतं. पण आयकर कायद्याच्या कलम २(१५) मधला धर्मादाय उद्देश लोकांसाठी असतो. शिक्षण, गरिबांना मदत, वैद्यकीय मदत, पर्यावरण, आणि सर्वसाधारण सार्वजनिक उपयोगाचं काम. फक्त सभासदांनी सभासदांसाठी केलेलं काम म्हणजे परस्पर सहकार्य, त्याला या कलमाची सवलत मिळत नाही. कलम १३ तर आणखी बारीक बघतं: एखाद्या जातीच्या किंवा धर्मसमुदायाच्या लाभासाठी १९६१ च्या कायद्यानंतर काढलेल्या धर्मादाय न्यासाची सूट जाते, आणि विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना उत्पन्नाचा लाभ झाला तरी जाते. तालुका म्हणजे जात नव्हे, हे खरं. पण ‘पाल्यांच्या’ या शब्दावर आमचा अर्ज अडकला असता.

उद्देश बदलायचे तर १८६० च्या कायद्यातलं कलम १२. प्रस्ताव लेखी करून सभासदांना आगाऊ पाठवायचा, विशेष सर्वसाधारण सभा घ्यायची, तीन पंचमांश बहुमत मिळवायचं, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन पंचमांशांनी तो पक्का करायचा. म्हणजे एका सभेच्या आवेशात कुणी मंडळाचं स्वरूप बदलू नये. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते.

पहिली सभा वादळी झाली. एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले. “आमच्या वडिलांनी रातपाळी करून गावासाठी ही खोली घेतली. आता ती सगळ्यांची म्हणून लिहून द्यायची? का म्हणून?” त्यांच्या आवाजात राग कमी आणि दुःख जास्त होतं. उत्तर सोपं नव्हतं, आणि सभेत कुणी कायद्याचं कलम वाचून दाखवलं असतं तर ते आणखी दुखावले असते. अभ्यासिका सांभाळणारी ताई तिची रोजची हजेरीवही घेऊन उभी राहिली आणि नावं वाचायला लागली. लालबाग, काळाचौकी, शिवडी, परळ. आडनावं सगळ्या तऱ्हेची. आमच्या तालुक्याची मुलं त्यात थोडीच. “यांना मी कधी गाव विचारलं नाही, काका,” ती म्हणाली. “तुम्हीपण कधी विचारलं नाही. मागच्या वर्षी ज्या मुलीच्या फीसाठी तुम्ही स्वतः पैसे दिलेत ती रमाबाई नगरची होती.” काका खाली बसले. दुसऱ्या सभेत ठरावाला अनुमोदन त्यांनीच दिलं. नवं वाक्य असं झालं: जात, धर्म, पंथ, लिंग वा गाव असा भेद न करता गरजू विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी सर्व प्रकारची मदत करणे. तीसेक वर्षं आम्ही जे करत होतो ते आता लिहिलेलं होतं, इतकाच फरक.

त्याच सभेत विसर्जनाचं कलमही नीट केलं. मंडळ बंद झालं तर देणी भागवून उरलेली मालमत्ता कुणाही सभासदाला मिळणार नाही, समान उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाईल. हे १८६० च्या कायद्यात कलम १४ मध्ये आहेच, पण आयकराचे अधिकारी घटनेत ते स्पष्ट लिहिलेलं बघतात. याच्याशी खोलीचा प्रश्न जोडलेला होता. चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत, पुनर्विकासाची बोलणी सुरू, आणि लालबागमध्ये आता एका खोलीची किंमत काय होते ते सगळ्यांना माहीत. दबक्या आवाजात कुणी कुणी म्हणत होतं की विकून वाटून घेऊ. मी या बाबतीत जराही नरम पडले नाही. न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, खोलीसारखी वास्तू तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही, ते कलम ३६. आणि १२ए घेतलेल्या संस्थेने धर्मादाय स्वरूप सोडलं किंवा विसर्जनानंतर मालमत्ता योग्य संस्थेकडे दिली नाही, तर कलम ११५टीडी प्रमाणे मालमत्तेच्या बाजारमूल्यावर, देणी वजा जाता, कमाल दराने कर बसतो. विकासकाच्या करारावर मंडळातर्फे कोण सही करणार, याचं उत्तरही आता शेड्यूल वनवर होतं. तो उतारा नसता तर खोलीवर कुणीही हक्क सांगितला असता.

हिशेबाचं काम तुलनेने सरळ गेलं. सार्वजनिक न्यासाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, सहा महिन्यांच्या आत ऑडिट व्हावं लागतं, ताळेबंद परिशिष्ट आठच्या नमुन्यात, उत्पन्न-खर्च परिशिष्ट नऊच्या. थकलेली ऑडिटं पूर्ण करून ती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर चढवली. पॅन मंडळाच्या नावाने काढला. ज्या बँकेत आमचं जुनं खातं होतं तिने केवायसीसाठी खातं थांबवून ठेवलं होतं, नवा उतारा दाखवल्यावर ते सुरू झालं. जुन्या वर्षांचं उत्पन्न अडीच लाखांच्या मर्यादेच्या खूप आत असल्याने मागचा कर द्यावा लागला नाही. स्वयंसेवी संस्थांसाठीच्या सरकारी दर्पण पोर्टलवरही नोंद केली, अर्जात तो क्रमांक मागतात.

मग अर्ज. नवी संस्था असेल आणि काम सुरू झालेलं नसेल तर फॉर्म १०ए भरून तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. काम सुरू केल्यापासून सहा महिन्यांत, किंवा ती संपायच्या किमान सहा महिने आधी, यातलं जे आधी येईल तोवर फॉर्म १०एबी भरून ती नियमित करावी लागते. आमच्यासारखं जुनं, चालू असलेलं पण कधीच १२ए न घेतलेलं मंडळ थेट १०एबी भरू शकतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही वाट खुली झाली, त्याआधी अशांनाही तात्पुरत्या नोंदणीतूनच जावं लागे. १२एबी साठी, म्हणजे आता १२ए ची नोंदणी ज्या कलमाखाली मिळते त्यासाठी, एक १०एबी, ८०जी साठी दुसरा.

काही आठवड्यांनी पोर्टलवर नोटीस आली. प्रश्न वाचले आणि सीए बाईंचं पहिल्या दिवशीचं बोलणं पटलं. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीची प्रमाणित प्रत. विश्वस्त आजचेच आहेत याचा पुरावा. उद्देश बदलल्याचा ठराव आणि त्याची नोंद. तीन वर्षांचे हिशेब. यामागेही कलम आहे: १२एबी प्रमाणे नोंदणी देताना अधिकारी कामकाज खरं आहे का हे पाहतात, आणि उद्देश साधण्यासाठी ज्या दुसऱ्या कायद्यांचं पालन आवश्यक आहे ते संस्थेने केलं आहे का, हेही. महाराष्ट्रातल्या न्यासासाठी तो दुसरा कायदा म्हणजे १९५० चा.

दोन प्रश्न वेगळे होते. पहिला, सभासदांच्या मुलांना लाभ होतो का? चाळीतली माणसं एकमेकांची नातलग, विश्वस्तांची नातवंडं अभ्यासिकेत बसतातच. आम्ही हजेरीवहीच्या प्रती दिल्या, शुल्क सगळ्यांना सारखं असल्याची पावतीपुस्तकं दिली, आणि शिष्यवृत्तीच्या यादीत विश्वस्तांचा एकही नातेवाईक नाही हे दाखवलं. तो नियम आम्ही बदललेल्या घटनेत लिहूनच ठेवला होता. दुसरा प्रश्न २६ जानेवारीच्या सत्यनारायणाचा. हिशेबात पूजेचा खर्च दिसत होता. कलम ८०जी(५बी) प्रमाणे धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत धार्मिक खर्च चालतो. आमचा त्याहून बराच कमी होता, आकड्यांसकट लिहून दिलं. ज्या मंडळांचा गणेशोत्सव मोठा असतो त्यांनी हा आकडा अर्ज करण्याआधी जरूर पाहावा. दानपेटीचाही विचार करावा. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यातल्या जास्त रकमेच्या पुढे गेल्या तर वरच्या भागावर धर्मादाय संस्थेला तीस टक्के कर आहे, कलम ११५बीबीसी.

दोन्ही मंजुरी आल्या, पाच वर्षांच्या. २०२५ च्या वित्त कायद्याने पाच कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांना नोंदणीच्या नूतनीकरणाला दहा वर्षं देण्याची सोय केली आहे, ती आम्हाला पुढच्या वेळी उपयोगी पडेल. ८०जी मात्र पाच वर्षांनीच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले. मी इथे १९६१ च्या कायद्याचे दिले आहेत, कारण आमचा सगळा प्रवास त्याखालचा.

मंजुरीनंतरचं वर्ष आधीच्या सगळ्या वर्षांपेक्षा शिस्तीचं गेलं. उत्पन्नाच्या पंचाऐंशी टक्के रक्कम उद्देशांवर खर्च करायची, जमलं नाही तर फॉर्म १० भरून कारण सांगून पुढच्या पाच वर्षांसाठी बाजूला ठेवायची. ऑडिट अहवाल १०बीबी मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत, विवरणपत्र आयटीआर-७ मध्ये ३१ ऑक्टोबरपर्यंत. प्रत्येक देणगीदाराचा पॅन किंवा आधार घ्यायचा, ३१ मेपर्यंत देणग्यांच्या विवरणाचा फॉर्म १०बीडी भरायचा, मग पोर्टलवरून निघणारं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क. दोन हजारांवरची देणगी रोखीने दिली तर देणगीदाराला वजावट मिळत नाही, म्हणून आता चाळीतल्या आजीसुद्धा मुलाच्या फोनवरून पाठवतात. आणि हे मी प्रत्येकाला आधीच सांगते की त्यांनी नवी करप्रणाली निवडली असेल तर ८०जी ची वजावट मिळणार नाही. ऐकून एकानेही देणगी मागे घेतलेली नाही.

सीएसआर-१ चा क्रमांक आला आहे. कंपनीने तीन वर्षांच्या कामाचा अहवाल मागितला, तो दिला, प्रस्ताव त्यांच्या समितीपुढे आहे. दरम्यान शेजारच्या दोन चाळींतली मंडळं विचारायला आली. दोघांच्याही उताऱ्यावर जुनीच नावं. त्यांच्यापैकी एकाकडे प्रोसिडिंग बुकं आहेत, एकाकडे पुरात भिजून गेली. ज्यांची गेली त्यांना मी आमच्या वकिलांकडे पाठवलं आहे, कारण त्यांची वाट वेगळी असेल, बहुधा योजनेच्या अर्जाची. ज्यांची आहेत त्यांच्यासोबत पुढच्या रविवारी बसून पहिल्या निवडणुकीपासूनची यादी करायची आहे. आमची पुढची निवडणूक डिसेंबरमध्ये आहे. तिच्या चेंज रिपोर्टसाठी लागणारी संमतीपत्रं सभेतच भरून घ्यायची, असं कार्यकारिणीत ठरलं आहे.